सोसण्याची सवय

मुंबईच्या वाकोल्यातल्या चाळीत वाढणाऱ्या मुलीला गर्भाशयाची पहिली ओळख पाळीतून होते आणि त्याच दिवशी हे कुणाला सांगायचे नसते, हेही कळते. पोटात दुखले तर पाय पोटाशी घेऊन पडायचे, शाळा बुडाली तर तापाचे कारण द्यायचे. पुढे व्ही. एन. देसाई रुग्णालयात बाळंतपण होते, त्या कळाही बाईच्या जातीला चुकत नाहीत म्हणून सोसल्या जातात. पन्नाशीच्या आसपास पाळी थांबते आणि पिशवीचा विषय संपला, असे घरातले सगळे धरून चालतात.

गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग बहुतेक वेळा यानंतर होतो. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा अंगावरून लाल जाणे ही त्याची ठळक खूण. एक डाग दिसला तरी तपासून घ्यावा. लठ्ठपणा आणि मधुमेह असलेल्या बायकांना धोका अधिक. सोनोग्राफी आणि अस्तराच्या तुकड्याची तपासणी यांतून निदान होते. पण ‘उष्णता झाली असेल’ म्हणत महिने निघून जातात. तिसऱ्या टप्प्यात रोग बीजकोश, योनिमार्ग किंवा लसिकाग्रंथींत पोहोचलेला असतो, चौथ्यात मूत्राशय, आतडे, फुप्फुस किंवा यकृतापर्यंत. काही प्रकार मुळातच झपाट्याने पसरतात, त्यामुळे उशिराचे खापर बाईने स्वतःच्या माथी फोडून घेऊ नये.

वाकोल्याहून पुढची वाट अनेकदा परळच्या टाटा मेमोरियलकडे जाते. १९४१ साली सुरू झालेले हे रुग्णालय गाठायला रिक्षाने सांताक्रूझ स्टेशन आणि तिथून लोकलने दादर किंवा प्रभादेवी. अपंगांसाठी राखीव डब्यातून कर्करुग्णांनाही प्रवास करता येतो. तिथे बसायला संकोच नको. येताना मात्र पंचाईत होते. शहर भागात रिक्षा चालत नाही, त्यामुळे केमो घेऊन थकलेल्या बाईला टॅक्सीचे पैसे आधीच बाजूला ठेवावे लागतात.

शक्य असेल तिथे शस्त्रक्रियेने गर्भाशय, नलिका आणि बीजकोश काढतात. केमोमध्ये बहुधा कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही औषधे दर २१ दिवसांनी, साधारण ६ वेळा देतात. दोन-तीन आठवड्यांत विंचरताना केसांचे पुंजके फणीत येऊ लागतात. बोटांना मुंग्या येतात, कुकरचे झाकण बसवताना किंवा ब्लाउजचे हूक लावताना हात चुकतो. मुंग्या वाढत असतील तर औषधाची मात्रा बदलता येते, पण त्यासाठी डॉक्टरांच्या कानावर घालावे लागते. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

किरणोपचार दिले तर ते आठवड्यातून ५ दिवस, सुमारे ५ आठवडे चालतात. आतडी बाजूला राहावीत म्हणून बहुधा पाणी पिऊन, लघवी रोखून टेबलावर झोपावे लागते. काही दिवसांनी जुलाब सुरू होतात. चाळीच्या सामायिक संडासापुढच्या रांगेत हा त्रास दुप्पट होतो. म्हणून काही बायका खाणेच तोडतात आणि आणखी अशक्त होतात. त्यावर औषध आहे, आहारतज्ज्ञही आहेत. योनिमार्ग आकसतो, त्यासाठी डायलेटर वापरायला शिकवतात. पाय सुजतात, त्यासाठी व्यायाम आणि पट्ट्या असतात. यांतले काहीही ‘या वयात काय विचारायचे’ म्हणून दडवण्यासारखे नाही.

मनाचा त्रास रिपोर्टमध्ये छापून येत नाही. स्कॅनच्या आधीची झोप उडते, देवाचा आणि माणसांचा राग येतो, आपण घराला भार झालो असे वाटते. ‘धीर धर’ म्हणणारे घरचे प्रेमानेच बोलतात, पण त्यातून तिला आणखी सोसायलाच सांगितले जाते. त्याऐवजी ‘आज काय होतंय?’ असे विचारून शेजारी बसावे. रुग्णालयातले समुपदेशक हे ऐकण्यासाठीच असतात. कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ साली स्थापन केलेल्या ‘व्ही केअर’ संस्थेत त्याच वाटेने गेलेली माणसे भेटतात.

वेदना वाढली की मॉर्फिनचे नाव निघते आणि घरात आता संपले असे वाटू लागते. मॉर्फिन वेदनेसाठी आहे. ते सुरू केले म्हणून शेवट जवळ आला असे नव्हे. २०१४ साली अमली पदार्थ कायद्यात झालेल्या दुरुस्तीने वैद्यकीय वापरासाठी ते मिळवणे सोपे केले. ते वेळेवर घ्यावे, सोबत बद्धकोष्ठाचे औषध घ्यावे. वेदना आणि त्रास हलका करणारी परिहार सेवाही उपचार थांबल्यावर नव्हे, उपचारांबरोबरच सुरू करावी.

वाढलेल्या रोगात पूर्ण बरे होण्याची खात्री देता येत नाही. उपचारांचे दोन हेतू असतात: दिवस वाढवणे आणि ते दिवस सुसह्य करणे. दुसरा हेतू बाईने तोंड उघडल्याशिवाय साधत नाही. दुखणे, जुलाब, झोप, भीती असे काय काय झाले ते रोज फाईलमधल्या कागदावर तारखेसह लिहावे आणि पुढच्या भेटीत तो कागद आधी डॉक्टरांपुढे ठेवावा.