थकलेली विक्रांत

२०१२ पूर्वीची गोष्ट. शेतकऱ्यांची सहल घेऊन मी मुंबईस गेलो होतो. ‘विक्रांत’ ही आपली पहिली विमानवाहू नौका तेव्हा संग्रहालय म्हणून पाहावयास मिळे. लांबी सुमारे ७०० फूट! डेकवर उभे राहताच मंडळींना खळ्याची आठवण झाली. “इथं केवढी मळणी होईल!” एकजण म्हणाला.

आमच्यात नौदलातून निवृत्त झालेले आबा होते. १९७१ च्या युद्धात ते याच नौकेवर होते. येथून उडालेल्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले, हे त्यांनी सर्वांना सांगितले. उतरताना त्यांनी पोलादाला हात लावून नमस्कार केला.

१९६१ साली नौदलात आलेली ही नौका ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. खाऱ्या पाण्यात पोलाद गंजतच राहते, डागडुजीचा खर्च संपत नाही. २०१२ मध्ये संग्रहालय बंद झाले. २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना ती भंगारात विकली गेली. तिला वाचविण्यासाठी लोक कोर्टात गेले, पण उपयोग झाला नाही. मुंबईतच दारूखान्यात गॅसकटरने तिचे तुकडे झाले. थोडे पोलाद वितळून मोटारसायकलींत गेले.

आबांना हे सांगताना माझी जीभ अडखळली. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, थकला बैल दावणीला ठेवायचा तर वैरण लागते. ती कुणी घालायची, हे तो कामाचा असतानाच ठरवायचं असतं.”

२०२२ मध्ये कोचीत बांधलेली नवी विक्रांत नौदलात आली. ती पाहायला आबा नव्हते.