पर्थहून लंडनास

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पर्थहून लंडनास वाटेंत कोठेंही न उतरतां जाणारें विमान २०१८ च्या मार्च महिन्यांत सुरू झालें. अंतर सुमारें १४,५०० किलोमीटर; वेळ सतरा तासांच्या आसपास. आम्ही उभयतां कन्येकडे पर्थला होतों आणि लंडनला नातवाचें बारसें दोन दिवसांवर आलेलें, तेव्हां हाच मार्ग पत्करला. १९४७ सालीं सिडनीहून लंडनास निघालेलें विमान डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कायरो, ट्रिपोली असे टप्पे घेत चार दिवसांनीं पोंचलें. त्या हिशेबानें आम्हांस बारशाच्या घुगऱ्याही मिळाल्या नसत्या!

सायंकाळीं निघालों. विमान पश्चिमेकडे धांवत असल्यामुळें रात्र सरतां सरेना. दोनदां डोळा लागून उघडला तरी खिडकीबाहेर काळोखच. सहधर्मचारिणीचे गुडघे मात्र तासातासाला बोलत होते. वरच्या हवेंतील पश्चिमेचे वारे समोरून येतात, म्हणून जातांना वेळ अधिक लागतो. परततांना तेच पाठीशीं असतात. पहांटे उतरलों. हिवाळ्याचे दिवस असल्यानें लंडनचें घड्याळ पर्थच्या आठ तास मागें होतें. ते आठ तास आमच्या पदरीं पडले, आणि बारशाच्या आदल्या दिवशीं सकाळींच नातू मांडीवर आला.