गंगेवर पाहुणे

नाशिककराला वर्षातून चार-सहा वेळा तरी वाटाड्याचं काम करावंच लागतं. शिर्डीला निघालेली मंडळी एक मुक्काम आपल्याकडे टाकतात. कुणाची कालसर्प शांती त्र्यंबकला ठरलेली असते, कुणाला मुलासाठी स्थळ बघायचं असतं. चहाचे कप खाली ठेवले की प्रश्न ठरलेला: "मग, इथे बघण्यासारखं काय काय आहे?" हल्ली या प्रश्नाला मी फार जपून उत्तर देते. कारण नाशिकच्या ज्या गोष्टींचा सगळीकडे गवगवा आहे त्या प्रत्यक्षात लहानखुऱ्या आहेत, आणि ज्या खरोखर भव्य आहेत त्यांची चौकशी सहसा कुणी करत नाही.

रामकुंडाचंच घ्या. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. "जरा गंगेवर जाऊन येते," असं मी म्हटलं की पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर हरिद्वार उभं राहतं. मग गाडगे महाराज पुलाजवळ रिक्षातून उतरल्यावर त्यांना दिसतात त्या चिऱ्यांच्या पायऱ्या, चौकटीत बसवल्यासारखी कुंडं, टपऱ्या, वाळत घातलेले कपडे, आणि बुधवार असला तर घाटावर पसरलेला आठवड्याचा बाजार. उन्हाळ्यात पाण्याला ओढ अशी नसतेच. गंगापूर धरणातून सोडलं तर वाहतं, नाही तर हिरवट होऊन उभं राहतं. कुंडांच्या तळाला घातलेलं काँक्रीट काढून नदीचे जुने झरे मोकळे करा म्हणून इथले नदीप्रेमी वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. पाहुण्यांना यातलं काही ठाऊक नसतं. ते मान वळवून विचारतात, "पुढे आहे का अजून?" पुढे काही नसतं. मुंबईच्या एका भाचीने तर पाण्याकडे पाठ करून एक फोटो काढला आणि विचारलं, "मावशी, मिसळ कुठे खायची?"

खरी गंगा बघायची तर जुलै-ऑगस्टात यावं. पण तेव्हा पाहुणे येत नाहीत. धरणातून विसर्ग सुरू झाला की तो किती क्युसेक हे वर्तमानपत्रात छापून येतं. गावात मात्र कुणी क्युसेकमध्ये बोलत नाही. घाटावर दोन्ही बाजूंना तोंड असलेला दुतोंड्या मारुती उभा आहे, तीच आमची मोजपट्टी. "कुठवर आलं?" "गुडघ्याला लागलं." "आता कमरेच्या वर." छातीला लागलं म्हटलं की भांडी बाजारातले दुकानदार खालच्या फळीवरचा माल माळ्यावर चढवायला लागतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी थेट सराफ बाजारात शिरलं होतं. अशा दिवशी निम्मं नाशिक छत्र्या घेऊन पुलावर उभं असतं. पोलीस शिट्ट्या मारून दमतात आणि लोक मारुतीचं बुडणं बघत राहतात. पाहुणा हे सगळं चुकवतो आणि एप्रिलमध्ये येऊन नदीला नापास करतो.

रामकुंडावर निराश न होणारी माणसंही रोज येतात, आणि संख्येने तीच जास्त. एकदा हिंगोलीकडचं एक कुटुंब दिसलं. तांब्याच्या लोट्यात वडिलांच्या अस्थी, लोट्याला लाल फडकं गुंडाळलेलं. मुलगी पन्नाशीची असेल. तिने पाण्याचा रंग बघितला नाही, टपऱ्या बघितल्या नाहीत. तिला घराण्याचे उपाध्याय शोधायचे होते. ते सापडले. गुरुजींनी नामावळीची लांबट वही काढली, गाव विचारलं, आडनाव विचारलं, पानं उलटली आणि एका जागी बोट ठेवलं. तिथे तिच्या आजोबांची नोंद होती, ते कुणाच्या अस्थी घेऊन आले होते त्याची. खाली मोडी वळणाची सही. ती बराच वेळ त्या सहीवरच बोट फिरवत राहिली. मग गुरुजींनी तिच्या हातात पेन दिलं. ही बाई गंगा बघायला आलेलीच नव्हती. तिचं इथे काम होतं, आणि ते झालं.

त्र्यंबकेश्वरला गोष्ट जरा वेगळी होते. तिथे सगळेच काम घेऊन आलेले असतात, तरी हिरमुसलेले चेहरे दिसतात. सुटीच्या दिवशी तासन्‌तास लोखंडी रांगेत उभं राहायचं, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी पोचायचं आणि मागून हाकारा येतो, "चला, पुढे चला." आत बघावं तर इतर ठिकाणी असते तशी उभी पिंड नाही. खोलगट जागा आहे आणि तिच्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं: ब्रह्मा, विष्णू, महेश. ती उंबऱ्यावरून नीट दिसत नाहीत म्हणून वर आरसा लावलेला. म्हणजे एवढ्या रांगेनंतर दर्शन व्हायचं ते आरशातलं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मोनालिसासमोर हेच होतं म्हणतात. चित्र जेमतेम ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ रुंद, काचेआड, आणि पुढे माणसांच्या डोक्यांची भिंत. बारा ज्योतिर्लिंगांतलं एक म्हटल्यावर मनाने आकारही तेवढाच मोठा धरलेला असतो.

गंमत अशी की ज्या देवळात ही अंगठ्याएवढी लिंगं आहेत ते देऊळ प्रचंड आहे. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला बांधायला घेतलेलं, काळ्या दगडाचं, तळापासून कळसापर्यंत कोरलेलं. पण रांगेतला माणूस पुढच्याच्या पाठीकडे आणि हातातल्या मोबाइलकडे बघत पुढे सरकतो, दर्शन झालं की चपला शोधतो. मी पाहुण्यांना आधी बाहेरून प्रदक्षिणा घालायला लावते आणि शिखराकडे बघा म्हणते. ज्यांनी ऐकलं ते खूश होऊन परततात. बाकीचे "गर्दी फार हो" एवढंच सांगतात.

त्याच गावामागे ब्रह्मगिरीवर गंगाद्वार आहे. सातशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या आणि वर बघायचं काय, तर दगडातून ठिबकणारं पाणी. १,४६५ किलोमीटर वाहून आंध्रात समुद्राला मिळणारी नदी इथे चूळ भरण्याइतकीसुद्धा नसते. तरी इथून कुणी नाराज होऊन उतरलेलं मला आठवत नाही. उगम लहान असायचाच हे माणूस घरूनच ठरवून आलेला असतो, आणि पायऱ्यांनी छाती इतकी भरलेली असते की ओंजळभर पाणीही पुरतं.

द्राक्षमळ्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १९९९ साली सुला ही वायनरी सुरू झाली आणि तेव्हापासून आमच्या पाहुण्यांचा एक गट थेट गंगापूर धरणाच्या बाजूलाच वळतो. गच्चीवरून मळा, मळ्यामागे पाणी, हातात पेला. फोटोत जे दिसतं तेच तिथे मिळतं, रुपयात पैचाही फरक नाही. ती जागा बेतलीच आहे तशी. म्हणून तिथून परतलेल्यांशी गप्पा रंगत नाहीत. "छान होतं." संपलं. हरिहर गडाचं नेमकं उलटं झालं आहे. कातळात खोदलेल्या त्या उभ्या पायऱ्यांचा फोटो इतका फिरला की पावसाळ्यातल्या रविवारी पायऱ्या दिसतच नाहीत, पुढच्याच्या टाचा दिसतात.

काळाराम मंदिराच्या बाबतीत मात्र कुणाला काय दाखवायचं हे मी पाहुणा बघून ठरवते. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी बांधलेलं हे काळ्या पाषाणाचं देऊळ देखणं आहे यात वाद नाही. कुणी खांब बघतं, कुणी रामाचा साज बघतं. पण औरंगाबादच्या महाविद्यालयात शिकवणारे एक स्नेही आले होते, ते आत जायच्या आधी दारातच थांबले. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला तेव्हा हजारो माणसं या दारांबाहेर होती आणि दारं बंद होती. सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला इथल्याच जिल्ह्यात, येवल्यात, हिंदू म्हणून मरणार नाही ही आंबेडकरांची घोषणा झाली. आमच्या स्नेह्यांनी चौकटीवर हात ठेवून पाहिला आणि म्हणाले, "मला वाटलं होतं, दार फार मोठं असेल." मग थोडं थांबून, "एवढंसं दार उघडायला काय झालं होतं यांना?" नाशिकमधलं काही अपेक्षेपेक्षा लहान निघाल्याचा राग आलेला मी तेवढाच पाहिला, आणि तो रास्त होता.

मोठं बघायचं असेल तर सिन्नरला जा. पुणे रस्त्याने तासाभराचंही अंतर नाही. यादवांची जुनी राजधानी आणि तिच्यात बाराव्या शतकातला गोंदेश्वर: उंच चौथऱ्यावर मधोमध शिवाचं भूमिज शिखराचं देऊळ, चार कोपऱ्यांत सूर्य, विष्णू, पार्वती, गणपती, समोर नंदीचा मंडप. पंचायतन या शब्दाचा अर्थ पुस्तकात कळत नाही तो इथे चौथऱ्यावर उभं राहिल्यावर कळतो. याबद्दल आधी कुणी काही ऐकलेलं नसतं. त्यामुळे फाटकातून आत शिरल्यावर बोलणारी माणसं मध्येच गप्प होतात. गावातली पोरं सावलीत अभ्यासाला बसलेली असतात, त्यांना आपल्या गप्प होण्याची मौज वाटते. परतताना गाडीत हमखास कुणीतरी चिडतं, "हे आम्हाला शाळेत का नाही सांगितलं?" मला वाटतं, नाही सांगितलं तेच बरं झालं. सांगितलं असतं तर तुम्ही इथेही "पुढे आहे का अजून?" विचारलं असतं.

आणि आता पांडवलेणी. इथे नावानेच घोटाळा करून ठेवला आहे. पांडवांचा या लेण्यांशी काडीचा संबंध नाही. ती बौद्ध भिक्खूंची, त्रिरश्मी डोंगरावरची, संख्येने चोवीस, मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला. अजिंठा-वेरूळ करून आलेल्या माणसाला इथे चित्रं नाहीत, कैलास नाही, नुसत्या कोठड्या आणि ओसऱ्या दिसतात. माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ सांगलीहून आले होते, उभा जन्म सहकारी बँकेत घालवलेले. पहिल्या दोन-तीन गुंफांतच त्यांनी रुमालाने वारा घ्यायला सुरुवात केली. "अगं, भीमाची गदा कुठं आहे?"

मी त्यांना तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत नेलं. अख्खं लेणं खांद्यावर पेलून धरलेले दगडी यक्ष त्यांना आवडले, पण यक्ष काही माणसाला तासभर थांबवून धरत नाहीत. भिंतीवर ब्राह्मी अक्षरं आहेत. एका लेखात गौतमी बलश्री आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन करते. शक-यवन-पल्हवांना मोडणारा, क्षहरातांचा वंश निखंदून काढणारा, आणि आईच्या सेवेत कधी कसूर न करणारा. आईने लिहिलं की हे यायचंच. शेजारीच त्याच राजाचे गोवर्धनच्या अमात्याला धाडलेले हुकूम आहेत. आधी भिक्खूंना एका गावचं शेत दिलं. काही वर्षांनी दुसरा हुकूम: ते गाव वसलेलं नाही, शेत कसलं जात नाही, तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या आमच्या जमिनीतली १०० निवर्तनं द्यावीत. मामा थबकले. "म्हणजे शुद्धिपत्रक?" म्हटलं, हो, दगडावर कोरलेलं.

मग दहाव्या लेण्यात. हे लेणं ज्या क्षहरातांचा वंश मोडला म्हणून वर लिहिलंय त्यांच्याच नहपान राजाच्या जावयाने, उषवदाताने, दिलेलं. दोन वैऱ्यांची दानं एकाच डोंगरात, हाकेच्या अंतरावर. त्याच्या लेखात मी मामांना मुद्दाम व्याजाची ओळ सांगितली. त्याने ३,००० काहापण, म्हणजे तेव्हाची नाणी, विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, ठेव म्हणून ठेवले. एका श्रेणीकडे २,०००, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज खर्चायचं. २,००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ काहापण कापडासाठी. हे सगळं निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदवलेलं.

मामांनी रुमाल खिशात टाकला. ओठ हलायला लागले. "महिन्याला वीस. वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खू, बारा-बारा..." आणि मोठ्याने, "अगं, ताळेबंद जुळतो!" बाजूला सेल्फी काढणारी दोन कॉलेजची मुलं दचकून बघायला लागली. मामांनी त्यांनाही बोलावून हिशोब समजावला. ती निमूट ऐकत राहिली, त्यातल्या एकाने मोबाइलवर आकडेमोड करून बघितली आणि मान हलवली.

पायऱ्या उतरताना मामांना एकच गोष्ट छळत होती: दुसऱ्या श्रेणीने पाऊणच टक्का का दिला? दोन्ही विणकरच, गाव तेच. खाली उसाचा रस घेईपर्यंत त्यांचं मत ठरलं होतं. "ती जास्त भक्कम असणार बघ. जिच्याकडं ठेवी आपसूक येतात, ती कशाला जादा व्याज देईल?" मग रसाचा रिकामा ग्लास गाड्यावर ठेवत मला म्हणाले, "उद्या शिर्डीला नाही गेलो तर चालेल का? ते राहिलेले लेख वाचून टाकू."