बैरंग शिव्या

माझ्या लहानपणी आमच्या पनवेलात एखाद्याला शिव्या द्यायच्या म्हटल्या, तर थोडा खर्च येत असे. निदान एक पोस्टकार्ड तरी घ्यावे लागे. आमचे एक मास्तर गावच्या कारभारावर कुठे कुठे लिहीत. त्यांना निनावी पत्रे येत. काही महाभाग तर तिकीटही लावत नसत. पत्र बैरंग येई, आणि मास्तरांना दुप्पट हशील मोजून स्वतःला आलेल्या शिव्या सोडवून घ्याव्या लागत! दोनदा असे फसल्यावर त्यांनी पोस्टमनला सांगून टाकले, "बैरंग आलं की परत ने रे बाबा." संपला कारभार.

हे आठवायला कारण झाली माझी पुतणी. ती एका वर्तमानपत्राची बातमीदार आहे आणि आमच्याकडेच राहते. गेल्या पावसाळ्याआधी तिने गाढी नदीच्या काठी रात्री पडणाऱ्या राडारोड्यावर लिहिले. २००५ च्या जुलैतला पूर ज्याने पाहिला आहे, त्याला नदीकाठचा भराव म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. बातमी चांगली होती. मी कात्रण काढून ठेवले. दुसऱ्या दिवसापासून तिचा मोबाइल घरघरू लागला.

प्रथम मला वाटले, कौतुकाचे निरोप असतील. मग एकदा मध्यरात्री पाणी प्यायला उठलो, तर ही अंधारात ओट्यापाशी उभी. तोंडावर मोबाइलचा उजेड. "काय गं?" म्हटले. "काही नाही, काका," म्हणाली. पण हात थरथरत होता. कोणीतरी तिचा नंबर आणि छायाचित्र चव्हाट्यावर टाकले होते. त्याखाली जे लिहिले होते ते इथे लिहिण्याजोगे नाही. गंमत पाहा, भरावाबद्दल त्यात एक अक्षर नव्हते. सारे तिच्या कपड्यांबद्दल, लग्नाबद्दल आणि रात्री ती किती वाजता घरी येते याबद्दल.

आता एक कबुली देतो. सौ.लासुद्धा मी हे बरेच दिवस सांगितले नव्हते. आमच्या सोसायटीतल्या मंडळींचा मोबाइलवर एक गट आहे. तिथे सुप्रभात, पाण्याच्या टाकीची सफाई आणि गणपतीची वर्गणी चालते. त्याच गटात दोन दिवस आधी एक मजकूर आला होता: 'असल्या पत्रकारांना धडा शिकवला पाहिजे.' मी चष्मा न लावताच सवयीने खाली अंगठा उमटवला होता. सुप्रभातला उमटवतो तसाच! चष्मा लावून पुन्हा पाहिले तेव्हा त्याखाली तिचे छायाचित्र दिसले. अंगठा उमटवणाऱ्या नऊ जणांत तिच्या काकाचे नाव होते. तिने ते आधीच पाहिले होते. बोलली मात्र नव्हती.

सकाळी मी शहाणपण शिकवायला गेलो. "सगळं पुसून टाक. आणि काही दिवस लिहू नकोस."

"एकही पुसायचं नाही, काका. तोच पुरावा आहे. आणि लिहायचं थांबवलं, तर त्यांना हवं होतं तेच झालं की."

मी म्हटले, "अगं, नुसते शब्दच आहेत." त्यावर तिने एकच नाव घेतले: शशिकांत वारिशे. कोकणात हे नाव कोणाला ठाऊक नाही? राजापूरचा बातमीदार. ६ फेब्रुवारी २०२३ ला सकाळी त्याची बातमी छापून आली, त्याच दिवशी एका गाडीने त्याच्या दुचाकीला धडक दिली, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. पुढे खुनाचा गुन्हा नोंदला गेला. मी गप्प बसलो.

पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध आपल्या राज्याने २०१७ साली कायदा संमत केला. राष्ट्रपतींची संमती मिळून तो अमलात यायला २०१९ उजाडले. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. पण त्याचा रोख मारहाण आणि नासधूस यांवर. अंधारातून येणाऱ्या शिव्यांसाठी दुसरे दार ठोठवावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत बाईचा मोबाइलवरून पिच्छा पुरवणे हा गुन्हा आहे, आणि नाव लपवून धमकी दिली तर शिक्षा वाढते. पूर्वी आणखी एक कलम होते, सहासष्ट अ. पण २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना, मुंबई बंदबद्दल चार ओळी लिहिल्या म्हणून, पकडले तेव्हा त्याच कलमाचा आधार घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये ते रद्द केले. बरेच झाले, असे मला तरी वाटते. त्या कलमाने आमच्या पुतणीचे रक्षण झाले असते की तिलाच आत टाकले असते, कोण जाणे!

तेव्हा तक्रार करायची ठरली. त्यासाठी प्रत्येक निरोपाचे चित्र, तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचे खाते, सारे जुळवून ठेवायला हवे. आणि तेवढ्यासाठी ते सारे वाचायला हवे. ते तिने पुन्हा का वाचावे? "दे इकडे," मी म्हटले. निवृत्त हिशेबनीस माणूस मी, रकाने आखण्यात हयात गेली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी वडाळे तलावावरचा फेरा आटोपला की मी वही घेऊन बसतो. पहिले चार दिवस जेवण गेले नाही. "आयुष्यात इतक्या शिव्या खाल्ल्या नाहीत हो तुम्ही, तेही दुसऱ्याच्या," असे सौ. म्हणते. त्यात एक गोष्ट ध्यानात आली. वेगवेगळ्या वीस नावांनी येणारे शुद्धलेखन एकच होते; 'तुझी' मधला 'झी' सगळीकडे ऱ्हस्व. हेही मी शेऱ्यात नोंदले. ठाण्यावरच्या तरुण फौजदाराने वही उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारले, "आजोबा, ऑडिटला होता का?"

तपास चालू आहे. सोसायटीच्या गटात मी चार ओळी लिहिल्या: ती माझी पुतणी आहे, अंगठा माझाही होता, आणि तो मी मागे घेतो. माझ्यासकट सातांनी तो काढला. एक जण गट सोडून गेला. राहिलेला एक रोज जिन्यात भेटतो आणि हवापाण्याबद्दल बोलतो.

काल रात्री परत तिच्या खोलीत दिवा होता. डोकावलो, तर ती लिहीत होती. भरावाचा दुसरा लेख. मोबाइल माझ्या खोलीत, वहीशेजारी घरघरत होता.