गाडी कोणाची?

मे महिन्यात बेळगावला गेलो की उद्यमबागेत मामांच्या वर्कशॉपला एक फेरी ठरलेली. दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि दारापासून येणारा कुलंटचा वास. यंदा मामेभावाचा मुलगा बरोबर होता. आठवीत आहे. जूनमधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीचं त्याला भारी वेड. ट्रेमधले चकाकणारे बुश बघून त्यानं विचारलं, "काका, सगळं इथं बनतंय, मग वर्ल्ड चॅम्पियनशिपला बेळगावची गाडी का नाही?"

आम्हाला निपाणीला आत्याकडं जायचं होतं. काकती मागं पडल्यावर मी त्याला नियम सांगायला घेतले.

निर्मात्यांचं जगज्जेतेपद ड्रायव्हरला नाही, कंपनीच्या नावाला मिळतं. त्यामुळं निर्माता कोणाला म्हणायचं, हे आधी ठरवावं लागतं. साठच्या दशकात पाच लिटरपर्यंतच्या स्पोर्ट्स कारला अट होती ती संख्येची. शर्यतीपुरत्या दोन-चार गाड्या चालणार नाहीत, किमान 50 बनवा. पुढं हा आकडा 25 वर आला. एप्रिल 1969 मध्ये पोर्शेनं 25 '917' गाड्या कारखान्यात ओळीनं उभ्या करून तपासनिसांना मोजायला लावल्या. 1970 आणि 1971 ची ल माँ याच गाडीनं जिंकली.

"आणि आता?"

"आता हायपरकार वर्गात 2025 पासून प्रत्येक निर्मात्यानं किमान दोन गाड्या उतरवायच्या. त्यातल्या एलएमडीएच प्रकारात सांगाडा दल्लारा, ओरेका, लिजिए, मल्टिमॅटिक या चौघांपैकी एकाकडूनच घ्यायचा. गिअरबॉक्स, बॅटरी, हायब्रिडची मोटर सगळ्यांना सारखी. इंजिन आणि बाहेरचं रूप निर्मात्याचं."

"मग पोर्शे 963 चा सांगाडा?"

"मल्टिमॅटिकचा. करंडकावर नाव पोर्शेचं."

संकेश्वर येईपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आपल्या आजोबांसारखंच की."

मला पटकन उत्तर सुचलं नाही. माझा कोडही क्लायंटच्याच नावानं चालतो.

तवंदी घाट उतरला की निपाणी. तंबाखू इथल्या रानातला, विडी मात्र कुठल्या कुठल्या नावानं विकली जाते. 1981 मध्ये भाव मिळावा म्हणून तंबाखू शेतकरी याच महामार्गावर ठाण मांडून बसले होते. गोळीबारात 12 जण गेले. हेही त्याला सांगितलं. शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परतताना त्यानं गाडी उद्यमबागेतच थांबवायला लावली. "आजोबा, हा बुश कुठल्या गाडीत बसतो?"

मामांनी ड्रॉइंग उघडलं. "गाडीचं नाव नाही रे, नुसता पार्ट नंबर आहे." मग त्याच्या हातात मायक्रोमीटर दिला. "पण माप आपलं. बघ तर मोजून."

त्यानं ट्रेमधला एकेक बुश मोजला. जेवायला उशीर झाला, पण मामा काही बोलले नाहीत.