नादखुळे

साताऱ्या-सांगलीकडच्या आवाजाच्या शौकिनाला ‘तुम्ही ऐकता तरी काय?’ असं सहसा विचारू नये. तो गडबडतो. ऐकण्याला त्याच्या दिवसात फार थोडी जागा असते. सुट्टीची सकाळ प्लायवूड कापण्यात जाते, दुपार सोल्डरिंगच्या धुरात, आणि संध्याकाळी कुणाकडे तरी जुना ट्रान्सफॉर्मर निघालाय म्हणून मोटारसायकल काढून इस्लामपूरला जाऊन यायचं असतं. रात्री एकदाची तबकडी फिरू लागते, गवई सूर लावतो, आणि पहिली सम यायच्या आत हा उठून उभा! ‘डावीकडं कायतरी करकरतंय. ऐकलंस का?’ आपण गाणं ऐकत असतो, त्याला करकर ऐकू आलेली असते.

नावाला छंद एक, पण त्याच्या पोटात दहा. स्पीकरची पेटी करायची म्हणून सुतारकाम आलं, सुतारकाम आलं म्हणजे लाकडाची पारख आली. पेटीच्या आत कापूस भरावा की जुनी गोधडी, यावर मतं आली. तांब्याच्या तारेची जाडी आली, पुण्याला पासोड्या विठोबाजवळच्या आणि मुंबईला लॅमिंग्टन रोडवरच्या कोणत्या दुकानात खरा माल मिळतो त्याची गुप्त माहिती आली. एकाला व्हॉल्व्हचे रेडिओ लागतात, दुसऱ्याला फक्त ७८ फेऱ्यांच्या तबकड्या, तिसऱ्याला टेपचे स्पूल, आणि तिघांचंही एकमेकांबद्दल मत एकच: भला माणूस आहे, पण वाया गेला.

या मंडळींची कुळी इथं जुनी आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. पेन्शनीत माणसं ज्ञानेश्वरी उघडतात, परसात गुलाब लावतात. देवलांनी श्रुती मोजायला घेतल्या. कोणता स्वर सेकंदाला किती कंपनं घेतो, हे तारेवर ताडून बघायचं, आणि स्वर लावायला समोर गवई कोण, तर साक्षात अब्दुल करीम खाँ. १९१० साली देवलांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. त्यांना जोडीदार भेटला तोही अजब, अर्नेस्ट क्लेमेंट्स नावाचा इंग्रज न्यायाधीश. दोघांनी १९११ साली साताऱ्यात ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ काढली. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी असल्या नावाची संस्था! तेव्हाच्या सातारकरांना ते नाव उच्चारायला किती कष्ट पडले असतील कोण जाणे.

या जोडीचं हार्मोनियमशी भांडण कशाचं होतं ते नीट बघण्यासारखं आहे. षड्ज २४० कंपनांचा धरला, तर तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार ३०० कंपनांचा येतो. बाजारच्या हार्मोनियमवर सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, त्यामुळे तिचा गंधार ३०२ च्याही थोडा पुढे बसतो. फरक जेमतेम अडीच कंपनांचा. तेवढ्यासाठी या दोघांनी विलायतेहून खास श्रुती-हार्मोनियम करवून घेतली. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथं ती पेटी मांडली गेली, वाद झडले, आणि संगीतपंडित भातखंड्यांना काही ती पटली नाही. देवलांचं गणित बरोबर होतं की चूक, ते शास्त्र्यांनी बघावं. मला भावतो तो अडीच कंपनांसाठी सातासमुद्रापलीकडून पेटी करवून घेणारा पेन्शनर. आज असते तर देवल नक्की कुठल्या तरी बोळातल्या दुकानात ॲम्प्लिफायरचं झाकण उघडून बसलेले सापडले असते.

सांगलीच्या शेजारी मिरज. तिथं शिकलगारांच्या घराण्यानं हत्यारांचं काम सोडून वाद्यं करायला घेतली, त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूरकडून, कडू जातीचा, खायच्या कामाचा नाही. तो वाळवायचा, पोखरायचा, आणि मग त्याच्यावर सगळा डोलारा उभा करायचा. शेवटी घोडी घासून जवारी काढायची आणि तारेखाली दोरा सरकवत सरकवत ती जागा शोधायची, जिथं तार नुसती वाजत नाही, झणकारू लागते. केसाएवढा दोरा इकडचा तिकडं झाला की आवाज बसतो. हे काम करताना कारागिराचा चेहरा बघावा. चेहऱ्यावर भाव असा काही नसतोच, सगळा माणूस कानात गेलेला असतो.

भोपळ्यानंतर माठ. हे आमच्याकडचं खास संशोधन, त्याचं पेटंट कुणी घेतलं नाही. रेडिओतला किंवा टेपमधला स्पीकर काढायचा, त्याला लांब वायर जोडायची आणि तो माठाच्या तोंडावर पालथा ठेवायचा. आवाजाला एकदम घुमारा येतो. ऐंशीच्या दशकात वाळवा-तासगावकडच्या कितीतरी घरांत पाण्याचा नवा माठ आणला, की जुन्याला कोनाड्यात ही बढती मिळायची. पोकळीतली हवा आणि तिचं अरुंद तोंड यांतून एक ठरावीक सूर उचलला जातो, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं एकोणिसाव्या शतकात दाखवून दिलं होतं. स्पीकरच्या पेटीला भोक पाडून बेस वाढवतात त्याच्या मुळाशी हेच गणित. माठावर स्पीकर ठेवणाऱ्यानं हेल्महोल्ट्झचं नाव ऐकलेलं नसायचं, पण कोणत्या कुंभाराचा माठ चांगला घुमतो हे त्याला पक्कं ठाऊक असायचं.

याच रांगेत, नाक मुरडून का होईना, डॉल्बी घ्यावी लागते. ट्रकभर पेट्या, अठरा इंची स्पीकर, मिरवणुकीत छातीवर बसणारा ठोका. कायदा निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ सांगतो. मिरवणुकीतला आकडा त्याच्या किती वर जातो हे सांगायला मापक नको, खिडकीच्या काचा पुरतात. मला तो प्रकार सोसत नाही. पण त्या पेट्या बांधणारी पोरं मी पाहिली आहेत. आतली हवा किती, भोक केवढं, तिरकी फळी कुठं घ्यायची, सगळा हिशेब तोंडपाठ. देवलांना अडीच कंपनांचं वेड होतं, यांना तळातल्या चाळीस कंपनांचं. गाव उठवायचं सोडून या पोरांनी घरातली बैठक सजवायला घेतली, तर भल्याभल्या कंपन्यांना घाम फुटेल.

रेडिओचं प्रकरण इतक्या जणांनी इतक्या हळवेपणानं लिहिलंय की मी थोडक्यात आवरतो. पोस्टात लायसन्सची फी भरायची, छपरावर जाळीची एरियल ताणायची, आणि १९६३ मध्ये सांगली केंद्र सुरू झाल्यावर काटा १२५१ किलोहर्ट्झवर आणून सोडायचा. मात्र विजेबद्दल बोललंच पाहिजे. साठच्या दशकात कोयनेची वीज आली आणि बॅटरीवरच्या रेडिओंची जागा विजेच्या रेडिओंनी घेतली. विजेबरोबर एक बिनबोलावलेला पाहुणाही आला. ५० आवर्तनांची वीज ॲम्प्लिफायरमध्ये शिरताना आपली घूं सोबत घेऊन येते. ही घूं घालवणं हा शौकिनांचा दुसरा प्रपंच. वायरी एकमेकींपासून लांब नेऊन बघतात, ट्रान्सफॉर्मर तिरका बसवतात. सगळं थकलं की अंगणात खड्डा खणून तांब्याचा पत्रा पुरतात, वर मीठ आणि कोळसा घालतात. शेजाऱ्याला वाटतं करणी चाललीय. घरचे सांगतात, अर्थिंग आहे.

पण त्याच ५० आवर्तनांचा या मंडळींनी मोठ्या अकलेनं उपयोग केला. कागदाची गोल चकती घ्यायची, तिच्या कडेला सारख्या अंतरावर ७७ काळ्या रेघा आखायच्या आणि फिरत्या तबकडीवर ती ठेवायची. विजेचा दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, डोळ्याला ते कळत नाही, रेघांना कळतं. तबकडीचा वेग मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या नेमक्या घरात असला की त्या जागच्या जागी थबकल्यासारख्या दिसतात. वेग वाढला तर पुढे सरकतात, कमी झाला तर मागे. एके काळी आपल्या विजेचं आवर्तनच पन्नासवर धड टिकत नसे, तेव्हा संध्याकाळी भार वाढला की रेघा उगाचच हलायच्या. म्हणून खरा शौकीन वेग तपासायचा तो पहाटे.

हा सगळा खटाटोप कशासाठी? तर खाँसाहेबांसाठी. अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ साली मद्रासकडच्या प्रवासात एका छोट्या स्टेशनवर गेले, आणि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना चिरविश्रांती मिळाली. तिथं उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गायन होतं. तिसाच्या दशकात ओडियनवर त्यांच्या तबकड्या निघाल्या. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची, तेवढ्यात अख्खा राग. आता मेख अशी, की जुन्या तबकड्यांवर ७८ लिहिलेलं असलं तरी मुद्रण नेहमी ७८ वरच झालेलं नसे. कुठं ७६, कुठं ८०. दोन फेऱ्यांचा फरक पडला तर पट्टी जवळपास पाव सुरानं हलते. मग खाँसाहेबांची पट्टी नेमकी कोणती? मिरजेतला एक गट वेग दोन फेऱ्यांनी उतरवून ऐकवतो, ‘बघा, आता गळ्यात गोलाई आली की नाही!’ दुसरा म्हणतो, त्यांचा आवाज धारदारच होता, तुम्ही त्याला म्हातारं करताय. वेग बदलला तर पट्टी हलते, स्वरास्वरांतलं नातं हलत नाही. षड्ज चढला की गंधारही त्याच प्रमाणात चढतो. म्हणजे देवलांनी ज्यासाठी जीव टाकला ती गोष्ट कोणत्याही वेगावर शाबूत राहते, आणि भांडण उरतं ते बाकीच्याचं. ते भांडण मिटावं अशी कुणाचीच इच्छा दिसत नाही.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली, आणि सांगलीच्या गावभागातल्या पोटमाळ्यांनाही पाणी कळलं. ॲम्प्लिफायर गेले, पेट्यांचं प्लायवूड फुगून पापुद्रे सुटले, कॅसेटींत गाळ बसला. एल.पी. तगल्या, त्यांची रंगीत कव्हरं गेली. ७८ च्या तबकड्या लाखेच्या. लाख पाण्याला दाद देत नाही, स्पिरिटमध्ये मात्र विरघळते, म्हणून एल.पी. पुसायची बाटली घेऊन धावत आलेल्या हौशी पोरांना जुन्या जाणत्यांनी दारातच अडवलं. साधं पाणी, मऊ ब्रश, सावलीत उभ्या ठेवून वाळवणं.

तबकड्या वाचल्या, पण लेबलं गेली. कागदच तो. शेकडो काळ्या चकत्या, कुणाची कोणती पत्ता नाही. मधल्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला नंबर भिंगातून वाचून जुन्या कॅटलॉगशी ताडता येतो, पण कॅटलॉगही पोटमाळ्यावरच होते. अगदी सुरुवातीच्या काही तबकड्यांवर गायिका शेवटी स्वतःचं नाव सांगते, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत आणि तिथल्या कामगाराला लेबल लावताना कळावं म्हणून ती सोय असे. पण तशा तबकड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्यांना उपाय एकच होता. एकेक तबकडी लावायची आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. करकर, घूं, डावी बाजू, सगळं बाजूला ठेवून सात-आठ माणसं ओल्या भिंतींच्या खोलीत चटईवर बसली. गळा बालगंधर्वांचा की त्यांची नक्कल करणाऱ्या कुणाचा? साथीला ऑर्गन आहे की पेटी? हा भीमपलास खाँसाहेबांचा की त्यांच्या शिष्याचा? एकानं वही घेतली, तबकडीवर खडूनं आकडा टाकायचा आणि वहीत सर्वांच्या मतानं नाव लिहायचं असं ठरलं. पहिल्याच तबकडीला दोन नावं लिहावी लागली, आणि पुढच्या पानापासून वहीत ‘वाद’ असा तिसरा रकाना आखला गेला.