उलटं धरा, आणि मग बघा!

डोळे डोक्याच्या मधोमध असतात! हो हो, अगदी मधोमध! खरं वाटत नाही ना? मलाही वाटलं नव्हतं. उठा, आरशासमोर उभे राहा, पेन्सिल उभी धरा, हनुवटीपासून डोळ्यांपर्यंतचं अंतर मोजा, आणि मग तेच अंतर डोळ्यांपासून वर पार डोक्याच्या माथ्यापर्यंत लावून बघा. जवळजवळ सारखं! आता चेहरा काढायला सांगा कुणालाही. डोळे थेट वर, कपाळाच्या जागी! रोज इतके चेहरे बघतो आपण, आणि तरी!

चित्रकलेतलं मला काहीही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. पण हे कळल्यापासून मला एका जागी बसवत नाहीये, म्हणून तुम्हाला हाताला धरून ओढते आहे. या!

बेटी एडवर्ड्स नावाच्या अमेरिकन चित्रकला-शिक्षिकेचं ‘ड्रॉइंग ऑन द राइट साइड ऑफ द ब्रेन’ हे १९७९ सालचं पुस्तक हाती लागलं. त्यात एक युक्ती आहे. पिकासोनं १९२० साली संगीतकार स्त्राविन्स्कीचं रेखाचित्र काढलं होतं. नुसत्या रेघा! खुर्चीत बसलेला माणूस, चष्मा, एकमेकांत गुंतवलेले हात. ते चित्र उलटं ठेवायचं. डोकं खाली, पाय वर! आणि मग वरच्या कडेपासून एकेक रेघ कागदावर उतरवत जायचं. हा बूट, हे बोट, असं मनातसुद्धा म्हणायचं नाही! ही रेघ इथून निघाली, इथे वळली, त्या दुसरीला जाऊन टेकली, बस्स!

आणि मग काय होतं सांगू? बोट म्हटलं की हाताला सवयीचं बोट आठवतं, आणि मग डोळे समोर बघतच नाहीत, आणि मग कागदावर वर्षानुवर्षांचं तेच ते बोट उमटतं. पण चित्र उलटं केलं की ते बोट ओळखूच येत नाही, आणि मग नाइलाजानं बघावं लागतं, आणि मग कागद सुलटा केला की खुर्चीत चक्क माणूस बसलेला असतो! माझ्या हातचा! चष्म्यासकट!

पुस्तकात उजव्या-डाव्या मेंदूची जी सरळसोट वाटणी केली आहे, ती आजचे शास्त्रज्ञ तशी मानत नाहीत. नसू दे! उलटं चित्र काम करतं, आणि ते घरबसल्या ताडून बघता येतं.

आता आपलं शाळेतलं निसर्गचित्र आठवा. दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये उगवता सूर्य, खाली वळत येणारी नदी, काठाला झोपडी, नारळाचं झाड, आभाळात चारच्या आकड्यासारखे पक्षी. कोकणातही तेच, विदर्भातही तेच! आणि कित्येकांच्या खिडकीबाहेर काय असतं? सह्याद्री! लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला, पायऱ्यापायऱ्यांचा, आणि माथ्यावर कित्येक ठिकाणी चक्क सपाट! लोहगड बघा, विसापूर बघा! कुठे आहे त्रिकोण? त्या डोंगरांच्या पायथ्याशी राहणारी मुलंसुद्धा वहीत त्रिकोणच काढतात, कारण डोंगर ‘येत’ असतो. येतो म्हटलं की बघणं संपलं! मला तर वाटतं, नवं काही सुचत नाही ते डोकं रिकामं असतं म्हणून नाही, ते तयार त्रिकोणांनी भरलेलं असतं म्हणून.

आणि मग मला थांबवेना! खुर्ची काढायची तर खुर्ची काढायचीच नाही, तिच्या पायांमधली मोकळी जागा काढायची! हेही एडवर्ड्स यांच्याच पुस्तकातलं. आणि मग किमॉन निकोलाइडिस यांच्या १९४१ सालच्या ‘द नॅचरल वे टू ड्रॉ’मधली गंमत: कागदाकडे न बघता, फक्त वस्तूच्या कडेवरून नजर फिरवत रेघ ओढायची. मी माझा अंगठा घेतला. पेराजवळच्या त्या घड्या! एकीतून दुसरी फुटते, एक मध्येच विरून जाते, एक नखाकडे वळता वळता थांबते! कागदावर जे उमटलं ते अंगठ्यासारखं मुळीच नव्हतं, पण माझा अंगठा मी पहिल्यांदा बघितला!

आता सगळीकडे हेच! आंब्याचं खोड तपकिरी, असं खडूच्या पेटीनं शिकवलं होतं. जवळ जाऊन बघा, राखाडी, काळपट, आणि पावसाळ्यात मध्येच शेवाळाचा हिरवा! आणि नवी पालवी हिरवी नाहीच, तांबूस!

तर आजच्या वर्तमानपत्रात कुणाचाही फोटो शोधा. ओळखीचा चेहरा असेल तर उत्तमच. उलटा करा. पेन्सिल घ्या, खोडरबर लांब ठेवा, आणि एका कडेपासून सुरू करा. आणि कितीही मोह झाला तरी शेवटची रेघ होईपर्यंत सुलटा करू नका!